उजवीकडची चंद्रिका

चंद्रिकाला नवऱ्याशी भांडायचं असलं, की ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसते. नुसतं बोलून मोकळं व्हायचं असलं, तर उजव्या. तुषारचा उजवा कान आश्रमशाळेत असताना गालगुंडात गेला. सूज उतरली, कान परत आला नाही. त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नाही. तो डाव्या कुशीवर झोपला, की तलासरीच्या हायवेवरून अहमदाबादकडे जाणारे सगळे ट्रक त्याच्यापुरते बंद होतात. चंद्रिकासाठी चालूच राहतात.

घरात या कानाचे नियम ठरलेले आहेत. जेवताना तुषार उजवी बाजू भिंतीला लावून बसतो, म्हणजे बोलणारी माणसं आपोआप डावीकडे येतात. तो मोटरसायकल चालवत असताना मागे बसून त्याच्याशी बोलायच्या फंदात कोणी पडत नाही. त्याची आई जमना तर या नियमांत मुरलेली. मुलाने ऐकायचं ते ती डावीकडून बोलते, फक्त सुनेने ऐकायचं ते मुलाच्या उजवीकडून.

"एकच कान राहिला ते बरंच झालं," ती म्हणते. "दोन्ही बायांचं पुरतं ऐकलं असतं तर येडा झाला असता."

हा माणूस गाणी रेकॉर्ड करतो. तलासरी नाक्याच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून त्याची एक खोली आहे. भिंतींना आणि दाराला गोधड्या ठोकलेल्या, एक कॉम्प्युटर, एक माइक, बसायला एक बाक. गिरणी सकाळी आणि संध्याकाळी चालते, म्हणून रेकॉर्डिंग दुपारी, गिरणी बंद असताना. पंखाही तेव्हा बंद ठेवावा लागतो, कारण तो करकरतो. एप्रिलमध्ये इथले गायक दुसरं कडवं पहिल्यापेक्षा जलद म्हणतात.

मागणी लग्नाच्या गाण्यांना. गायकाच्या मागे ओळ उचलायला बायका लागतात, आणि लग्न होऊन आल्यापासून चंद्रिका त्यात उभी राहते. ती झाई गावची. वडील चिकूच्या वाडीत कामाला होते आणि वाडीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला त्यांना जेवायला हाक मारणं हे तिचं लहानपणीचं काम. आवाज तिथेच तयार झाला. बाकीच्या बायका येत-जात राहिल्या, ही टिकली. घरचीच असल्यामुळे तिला बोलवायला जावं लागत नव्हतं.

इकडच्या गाण्यांची एक रीत आहे. गाणं सुरू होण्याआधी एक जाड, घुमणारा आवाज सगळ्यांची नावं घेतो. तो आवाज तुषारचा. गायक, बेंजो, ढोल, कॅसिओ, रेकॉर्डिंग, वाजंत्र्यांना गाडी देणारा, आणि एकदा तर दुपारी ताक पाठवणारा शेजारी. बायकांची पाळी आली, की तो म्हणायचा, "कोरस, घरचे."

"घरचे म्हणजे कोण?" चंद्रिकाने एकदा डावीकडे बसून विचारलं.

"तूच की."

"मग तसं बोल. चंद्रिका."

"बायकोचं नाव माइकवर घेऊ? लग्नात घेतलं होतं एकदा. पुरे झालं."

"ताकवाल्याचं घेतलंस."

"तो बायको नाय माझी."

दारात तांदूळ निवडत बसलेल्या जमनाने मान वर केली. "नाव कशाला पाहिजे गे तुला? इथं कोण ओळखत नाय?"

"मला ओळखतात, आई. आवाजाला ओळखत नाय."

तिचं मागणं इतकंच होतं. गाणं वाजेल तिथे हा आवाज कोणाचा ते कळावं. विशेषतः झाईला. तिथे तिची धाकटी बहीण वर्षा शेजारपाजारी सांगून दमली होती, की मागे गाते ती आमची ताई. शेजारीण पुतळी दर वेळी म्हणायची, "असेल बाई. कोणाची तरी ताई असेलच."

२०१४-१५ पर्यंत तुषारच्या कानाची धंद्यात कधी अडचण आली नाही. तो सगळं मोनो भरायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना तोच एक आवाज. गायक, वाजंत्री, बायका, सगळे एका जागी. गाणी मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डावर जायची आणि फोनच्या एकुलत्या एका स्पीकरवर वाजायची. कोणाचं काही अडत नव्हतं. मग फोन स्वस्त झाले, नेट त्याहून स्वस्त झालं, आणि वापीच्या कंपन्यांच्या बसमध्ये सगळ्यांच्या कानांत इयरफोन आले. दोन कानांत दोन. तिथून तक्रारी सुरू झाल्या.

सगळ्यात मोठी तक्रार लहान्याची. लहान्या सकाळी दुधाचा पिकअप चालवतो आणि उरलेल्या दिवसात गायक असतो. गॉगल दोन्ही कामांना एकच. तुषारकडचं निम्मं काम त्याच्या गाण्यांचं. एके दुपारी तो खोलीत येऊन बाकावर बसला.

"तुषार, हद्दीपलीकडे गुजरातेत नवा स्टुडिओ निघालाय. तिकडच्या गाण्यात ढोल इकडून येतो न् तिकडून जातो. काल माझ्या डोक्यातून आरपार गेला. तुझ्या गाण्यात सगळे मधोमध उभे, रेशनच्या रांगेत असल्यासारखे."

"आरपार जायला आत मोकळी जागा लागते," चंद्रिका तुषारच्या उजवीकडून म्हणाली.

लहान्याने ऐकलं आणि गॉगल घातला. तुषारने ऐकलं नाही. त्याने फक्त एवढं धरलं, की स्टीरिओ शिकलं नाही तर लहान्या जाणार.

शिकला तो फोनवरचे व्हिडिओ बघून. स्टीरिओचा त्याने काढलेला अर्थ सरळ होता. अर्धी माणसं इकडे, अर्धी तिकडे, लग्नात मुलाकडची आणि मुलीकडची बसतात तशी. ढोल आणि कॅसिओ मध्ये. पण तिकडे बसवलेली माणसं नीट बसली की नाही, हे त्याला कळायची सोय नव्हती. म्हणून चंद्रिका त्याचा उजवा कान झाली. एकच इयरफोन, डावं टोक त्याच्या कानात, उजवं तिच्या. थोडं वाजवायचं, थांबवायचं आणि विचारायचं.

"तुझ्याकडे काय आलं?"

"बायका."

"किती?"

"आमटीत मीठ असतं तेवढ्या."

"म्हणजे बरोबर?"

"तुझ्या आईच्या आमटीत."

तुषारने उजवीकडचा आवाज मुकाट्याने कमी केला.

जमना एकदा गोधडी बाजूला करून डोकावली. दुपारची वेळ, दार लावलेलं, दोघं एका वायरीला बांधल्यासारखे डोक्याला डोकं लावून बसलेले. "गाणी बनवता का परत लग्न लावून घेता?" असं विचारून ती निघून गेली.

या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप झाली. तुषारला गाण्याची डावी बाजू पाठ झाली, उजवी चंद्रिकाला. पूर्ण गाणं ऐकलेलं माणूस त्या खोलीत एकच होतं. तुषार बाहेर गेला, की चंद्रिका दोन्ही टोकं कानात घालायची.

२०१८च्या लग्नसराईसाठी त्यांनी पहिलं पक्कं स्टीरिओ गाणं केलं, सवाल-जवाबाचं. लहान्या डावीकडून विचारतो,

"नवऱ्याच्या पायात काय गो काय?"

आणि उजवीकडून बायका सांगतात,

"भावाचे बूट, ढिले ढिले!"

"नवऱ्याच्या डोळ्यांवर काय गो काय?"

"मामाचा चष्मा, काळा काळा!"

लहान्या पूर्ण डावीकडे, चंद्रिका आणि बाकीच्या पूर्ण उजवीकडे. सुरुवातीची नावं दोन्हीकडे, मधोमध. शेवटी नेहमीप्रमाणे "कोरस, घरचे", आणि मग ढोल सुरू व्हायच्या आधी थोडी जागा रिकामी.

गाणं तयार झालं त्या दुपारी तुषार पेनड्राइव्ह आणायला नाक्यावर गेला. चंद्रिका माइकपुढे बसली. तो कुठलं बटण दाबतो हे ती रोज बघत होती. त्या रिकाम्या जागेत, फक्त उजव्या बाजूला, ती दोन शब्द बोलली. "चंद्रिका, झाई." वाडीच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल, अशा बेताने. मग बाकावर परत येऊन बसली.

तुषार आला. त्याने डावं टोक कानात घालून गाणं शेवटचं ऐकलं.

"तुझ्याकडे?"

"बराबर आहे सगळं."

गाणं दुकानांत गेलं. आठवड्याभरात वर्षाचा फोन आला.

"ताई, तू बोललीस! पुतळीच्या उजव्या कानात कोंबून ऐकवलं. दोनदा. आता म्हणते, मला आधीपासून वाटतच होतं."

"हळू बोल," चंद्रिका म्हणाली, "मी त्याच्या डावीकडे बसलेय."

तुषारला पत्ता नसावा. दुसऱ्याच्या फोनवर स्वतःचं गाणं लागलं, की तो उठून जातो, चुका ऐकू येतात म्हणून. लोक "नावाचं मस्त केलंस" म्हणाले, की तो स्टुडिओच्या नावाबद्दल बोलायला लागायचा. लहान्यालाही कळलं नाही, कारण तो गाण्याची सुरुवात पुढे ढकलून थेट स्वतःच्या आवाजापासून ऐकतो. चंद्रिकाने धरलं होतं, की मांडवातले मोठे स्पीकर पांढऱ्या पिनवर चालतात, म्हणजे डावीकडचं तेवढं वाजवतात, तेव्हा तिथेही धोका नाही. तिचा हिशोब चुकीचा नव्हता. तिने फक्त काकड्याच्या वायरीला धरलं नव्हतं.

काकड्याचा साउंड. तलासरीच्या पूर्वेच्या पाड्यांतल्या बहुतेक लग्नांना कपाटाएवढे स्पीकर त्याचे असतात. फोनमधून मशीनला जाणाऱ्या वायरीला दोन पिना, पांढरी डाव्या बाजूची, लाल उजव्या. काकड्या पांढरी लावायचा आणि लाल सुतळीने स्टँडला बांधून ठेवायचा. या गाण्याआधीची तुषारची सगळी गाणी मोनो होती, कुठलीही पिन लावली तरी तेच वाजायचं. मग दोन कशाला अडकवायच्या?

उधव्याच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात लहान्याच्या भाचीचं लग्न होतं. आदल्या दिवशी हळदीच्या नाचात कोणाचा तरी पाय अडकून पांढरी पिन तुटली. काकड्याने सुतळी सोडली आणि लाल लावली. लग्नाच्या दिवशी सकाळपासून जुनी गाणी त्यावर छान वाजत होती.

दुपारी लहान्याने नवं गाणं लावायला सांगितलं. नवा शर्ट, गॉगल, हातात माइक. माइकची वायर कुठेच जोडलेली नव्हती, कारण गाणारा लहान्या फोनमध्ये होता. या लहान्याने फक्त तोंड हलवायचं होतं. तुषारला त्याने मानाने पुढे बोलावून घेतलं होतं. चंद्रिका आणि जमना बायकांत बसल्या होत्या.

जाड आवाज घुमला. लहान्याचं नाव आलं, त्याने हात वर केला. बेंजोवाला हिरू, ढोलवाला, रेकॉर्डिंग तुषार. "कोरस, घरचे."

आणि मग कपाटाएवढ्या स्पीकरांतून, "चंद्रिका, झाई."

एका कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही. तुषारने आधी मागे पाहिलं, मग मांडवाच्या छताकडे, मग डावीकडे बसलेल्या, हळद लागलेल्या एका पाहुण्याकडे. चंद्रिका समोर बायकांत बसली होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं. मग कॅसिओ सुरू झाला आणि त्याला कळलं.

तोवर लहान्याने माइक तोंडाशी नेऊन सवाल टाकला होता. ओठ हलले, मान हलली, हात नवऱ्याच्या पायांकडे गेला. आवाज आला नाही. ढोल वाजत राहिला आणि बायकांनी जोरात सांगितलं,

"भावाचे बूट, ढिले ढिले!"

लहान्याने माइकवर टिचकी मारली. जणू तो कशाला तरी जोडलेला होता. त्याने दुसरा सवाल दुप्पट तोंड उघडून टाकला. स्पीकरमधून पुन्हा नुसता ढोल, आणि मग,

"मामाचा चष्मा, काळा काळा!"

नवरदेवाने चष्मा काढून खिशात ठेवला. मांडवात हसू फुटलं. नवरीची आत्या भिकी उठून उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून तिने मोकळ्या जागेत स्वतःच विचारलं, "नवऱ्याच्या खिशात काय गो काय?" स्पीकरमधली चंद्रिका उत्तर द्यायला तयारच होती. "नुसता रुमाल, ओला ओला!" पुढच्या फेरीला अख्खा मांडव विचारायला लागला. सवाल माणसांचे, जवाब चंद्रिकाचे, आणि मधे लहान्या मासळीसारखं तोंड उघडमीट करत उभा.

"माझा आवाज कुठं गेला?" तो काकड्यावर धावून गेला.

"पांढऱ्या पिनमध्ये असेल, दादा."

"मग लाव ना पांढरी!"

"तुटली ना ती. तुमच्याच मेहुण्याने तुडवली."

काकड्याने माइकची वायर खरोखरच जोडून दिली. आता गाण्याशिवाय इलाज नव्हता. लहान्या गायला, आणि वाईट गायला नाही. पण रेकॉर्डिंगच्या वेळी त्याने दोन कडव्यांच्या मधे पाणी पिऊन घेतलं होतं. मांडवात ती सोय नव्हती. शेवटचे दोन सवाल भिकीनेच विचारले.

जेवणं झाल्यावर त्याने तुषार-चंद्रिकाला पिकअपपाशी गाठलं.

"माझ्या गाण्यात मी नाय न् वहिनीचं नाव? माझ्याच भाचीच्या लग्नात?"

"पिन तुटली, दादा," तुषार म्हणाला.

"पिन बोलली का चंद्रिका, झाई? रविवारपर्यंत नाव पुसून दे. नायतर पुढचं गाणं हद्दीपलीकडे. सांगून ठेवतो."

"पुसतो," तुषार म्हणाला.

यावर चंद्रिका उजवीकडून काहीतरी बोलली. लहान्याने गॉगल घातला. घरी परतताना ती मोटरसायकलवर मागे बसली होती, त्यामुळे दोघांत बोलणं झालं नाही. जमना दुसऱ्या गाडीने आली आणि आल्या आल्या मुलाच्या डाव्या बाजूला बसली.

"पुसशील तर पूस. पण आज चार बायांनी विचारलं, तुमची सून का गाते? मी हो म्हटलं. आता मला खोटं पाडू नको."

पुढचे दिवस चंद्रिकाने नावाचा विषय काढला नाही. स्वयंपाक केला, पाणी भरलं आणि दुपारी खोलीत जाऊन बाकावर बसली. त्या गाण्याची फाइल पडद्यावर उघडी असायची. तुषार तिच्याकडे बघायचा आणि दुसरं काम काढायचा. तेवढ्यात काकड्याचा फोन आला. पुढच्या लग्नवाल्यांनी गाणं मागितलं होतं, आणि त्याने ते मागितलं कसं, तर "ते चंद्रिकावालं पाठव". मोबाइलच्या दुकानातही त्याला तेच नाव पडलं होतं.

रविवारी लहान्या आला. गॉगल डोक्यावर होता. बराच वेळ तो गोधडीवरची शिवण बघत बसला.

"पुसलंस?"

"नाय अजून."

"मग थांब जरा." त्याने घसा साफ केला. "तिकडं डहाणूला एका लग्नात गायला बोलावलंय. विचारतात, चंद्रिका येणार का? मी म्हटलं, मी आहे की. म्हणे तुम्ही पण या."

"दूध घालायला?" चंद्रिकाने विचारलं.

"वहिनी, एक ऐक बाय. माझा आवाज दोन्ही बाजूंना पाहिजे. पांढरी असो, लाल असो, कुठली पण पिन तोडा, लहान्या ऐकू आला पाहिजे. नाव राहू दे. पण माझ्यानंतर."

"न् हिरूच्या आधी," चंद्रिका म्हणाली.

"हिरू रुसेल."

"बेंजोला तोंड नाय."

तुषारचा चेहरा उजळला. दोन्ही बाजूंना सगळे, म्हणजे परत मोनो, म्हणजे त्याला स्वतःला ऐकू येणारं गाणं. "पण तूच म्हणालास ना, रेशनची रांग?"

"रांगेत नंबर तरी लागतो रे," लहान्या म्हणाला.

राहिली नावं. ती नव्याने भरायची होती. तुषार माइकपुढे बसला, आवाज जाड केला. "सिंगर लहान्या. कोरस…" आणि थांबला.

"एवढं तूच बोल," तो चंद्रिकाला म्हणाला. "मागे बोललीस तसं."

"मी माझ्या बाजूला बोलले. मधोमध तू बोल."

त्याने पुन्हा सुरू केलं. कोरसपाशी खोकला आला. मग पंखा बंद आहे का ते बघितलं. मग गिरणी सुरू व्हायची वेळ होत आली म्हणून सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, खरंतर त्याच्याशिवाय कोणीच बोलत नव्हतं. शेवटी कडू औषध घशाखाली ढकलावं तसं त्याने ते एका दमात बोलून टाकलं. "कोरस चंद्रिका झाई."

"ऐकू नाय आलं बराबर," लहान्या म्हणाला. "परत घे."

त्याने परत घेतलं. दाराबाहेर जमनाच्या सुपाचा आवाज थांबला होता.

त्या लग्नसराईत आणि २०१९च्याही लग्नसराईत गाणं असंच वाजलं. काकड्याने वायर बदलली आणि लाल पिन परत सुतळीने बांधून टाकली. हिरू अजून रुसलेला आहे.

त्या रविवारी लहान्या गेल्यावर दोघं बाकावर बसून होती. पडद्यावर जुनी फाइल तशीच होती. तुषारच्या कॉम्प्युटरवर आवाज दिसतो. वरच्या पट्टीत डावी बाजू, खालच्या पट्टीत उजवी. आवाज असेल तिथे उंचवटा, नसेल तिथे सपाट.

"तुला खरंच मांडवातच कळलं?" चंद्रिकाने डावीकडून विचारलं.

"ऐकू तिथंच आलं." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "दिसलं होतं आधी. खालच्या पट्टीत हा इथं उंचवटा."

"न् पुसला नाय?"

"वाटलं, गिरणीचा आवाज शिरला असेल."

"दुपारचा? गिरणी बंद असते ना दुपारी."

तुषार उठला. दाराची गोधडी नीट असतानाही त्याने ती नीट केली, आणि परत येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. तिथून चंद्रिका त्याच्या उजवीकडे येते.